मालक ध्यानाला बसले आहेत

आम्ही जठारपेठेत खोल्या बघायला गेलो, तेव्हा घरमालकांचं पहिलंच वाक्य ऐकून माझ्या यजमानांनी मागे वळून पाहिलं. "ह्याचं म्हननं हाय," घरमालक म्हणाले, "का खोल्या घ्या, पन विहिरीवर भांडन नको." हा 'ह्या' कोण, ते आम्हाला कळेना. मागे एक बांधलेली गाय तेवढी होती, आणि गाईला भांडणाविषयी काही मत असेल असं वाटत नव्हतं. घरमालकांनी मग अंगठा स्वतःच्या छातीला लावून "ह्याचं" असं पुन्हा सांगितलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "त्यायचंच म्हननं हाय व पोरी. थे सोताले तसंच म्हनते. तू आत ये, च्या घे."

लढाईची वर्षं होती. रॉकेल मिळता मिळत नव्हतं आणि अकोल्यात जागा तर त्याहून मिळत नव्हती. माझे यजमान एका जिनिंगच्या कचेरीत नुकतेच लागले होते, मी अमरावतीहून नवा संसार घेऊन आले होते. घरमालक स्वतःला काय म्हणतात याची चिकित्सा करत बसण्याची आमची ऐपत नव्हती. आम्ही खोल्या घेतल्या. घरमालक आमचे काकाजी झाले, त्यांची बायको काकू झाली, आणि मी दोघांची सूनबाई.

काकाजींनी 'मी' सोडला होता. कोणी तंबाखू सोडतं, कोणी चातुर्मासात वांगी सोडतं, तसा. घरामागे मोर्णा नदीकडे उतरत जाणारी त्यांची बाडी होती. भाजीपाला आणि झेंडू-शेवंतीचा मळा. त्या बाडीत फार पूर्वी एक गोसावी पावसाळाभर मुक्कामाला राहिला होता. जाताना तो काकाजींना म्हणाला, की तू दिवसभर मी-मी करतोस, तर तो मी राहतो कुठे, तेवढं एकदा शोधून काढ. दुसरा कोणी असता तर गोसाव्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालून मोकळा झाला असता. पण काकाजींनी ते मनावर घेतलं. सुटलेलं वासरू शोधावं तसे ते शोधायला निघाले.

रोज पहाटे बाडीतल्या खोपीत ते पोतं अंथरून डोळे मिटून बसत. उन्हं चांगली वर येईपर्यंत उठत नसत. तेवढ्या वेळात खोपीत कोणी जायचं नाही असा नियम होता. काकू चहाची पितळी उंबऱ्यावर ठेवत, "मालक, च्या ठेवला" एवढं म्हणत आणि मागे फिरत. चहा निवून त्यावर साय धरे. काकाजी तो तसाच पीत, आणि छान झाला म्हणत.

शोधातली प्रगती ते मला सांगत असत. उजव्या पायाचं एक बोट मोटेच्या नाड्यात सापडून गेलं होतं, ते दाखवून एकदा म्हणाले, "बोट गेलं, पन ह्याचा मी-पना काही कमी झाला नाई. म्हंजे तो बोटात नव्हता." मी म्हटलं, मग आता कुठे कुठे बघायचा राहिलाय? त्यांनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंत हात फिरवला. "एवढं बाकी हाय." अशा माणसाची थट्टा करावी तरी कशी? तो आपल्या आधीच हसून बसलेला असे.

रागाची तर गंमतच होती. राग आला की वाक्य अर्धं सोडून ते बोट वर करत आणि विहिरीकडे चालू लागत. काठावर वाकून आत बघत. कोण रागावलंय ते बघायला जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. विहिरीत दिसे ते तोंड तोवर रागावलेलं उरत नसे. पण जुन्या शहरातल्या बाजारात विहीर कुठली? तिथे ते टोपलीपाशी उभ्या उभ्याच डोळे मिटत. गिऱ्हाईक झेंडूची मनाला येईल ती किंमत टाकून निघून गेलेलं असे. शेवटी बाजार काकूंनी आपल्याकडे घेतला. त्या म्हणत, "त्यायले रागावनारा सापडत नाई, अन् मले गिऱ्हाईक सापडत नाई."

काकू बुटक्या, काटक, आणि जिभेला धार अशी, की भाजीबाजारात त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. नवऱ्याच्या ध्यानाविषयी त्यांचं मत विचारलं तर म्हणायच्या, बसला माणूस कोणाचं नुकसान करत नाही. आमच्या वऱ्हाडात माणूस चार दिवस गप्प बसला की पाचव्या दिवशी कोणीतरी त्याच्यापुढे नारळ फोडतं. काकाजींच्या खोपीपुढेही एकदा नारळ येऊ लागले. काकूंनी ते उचलले, चटणी वाटली आणि ज्यांनी ठेवले त्यांच्या घरी वाटीवाटी पोचती केली. त्यानंतर नारळ आले नाहीत.

मलाही मधूनमधून काकाजींचा राग यायचा. एकदा मी बोलून गेले, की काकाजी, तुम्ही 'मी' म्हणत नाही हे दहाजणांना कळावं म्हणून 'हा' इतकं ठासून म्हणता, की त्यात दोन 'मी' मावतील. त्या वेळी ते विहिरीकडेही गेले नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी सकाळी दारात ओट्यावर कोवळी वांगी ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, तुमचं खरं हाय. ह्याच्यात अजून लय दडून हाय." मग बाडीकडे हात करून म्हणाले, "लोकायले वाटते, अज्ञान म्हंजे अंधार. दिवा लावला का गेला. तसं नाई थे. थे हरायी हाय. आज उपटली का पावसाच्या एका सरीनं पुन्हा हाजर. रोज खुरपून निंदाच लागते." हराळी उपटून उपटून ज्यांची नखं काळी झाली होती त्या माणसानं हे सांगितलं, म्हणून मला पटलं. वांगीही छान निघाली.

मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंचा उखाणा ऐकायला गल्लीतल्या बायका मुद्दाम यायच्या. काकू इतर वेळी काही नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत. आमच्यात कोणीच घेत नाही. काकाजी स्वतःला 'हा' म्हणत, काकू त्यांना 'मालक' म्हणत, त्यामुळे त्या घरात त्या माणसाचं नाव वर्षातून एकदाच उच्चारलं जायचं. मीही ते इथे लिहीत नाही. उखाणा काकूंनी स्वतः जुळवलेला होता, वऱ्हाडी बायकांच्या 'पाहातो'सकट :

"मोर्नेच्या काठी बाडी, बाडीत झेंडू दाट,
अमुकराव बसले ध्यानाले, मी पाहातो वाट."

'वाट' म्हणताना त्या अशी काही मान वेळावत, की बायका हसून हसून तिळगुळाची ताटं सांडत.

आमचं तिथलं तिसरं वर्ष असेल. पावसाळा सरता सरता काकूंना मुदतीचा ताप आला. ताप उतरायचा म्हणून उतरेना. डॉक्टर टांग्यातून येत, मान हलवत, औषधाची बाटली देऊन जात. वरूडला दिलेली त्यांची मुलगी कौसल्या धावत आली. काकूंना लेकरू ते एवढंच. तिनं आणि मी पाळीपाळीनं कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या. काकाजी पहाटे उठून खोपीत जाऊन बसत होतेच. "हिच्यासाठीच बसून राहिला हा," असं ते म्हणत. कौसल्या दात ओठ खाई. मला तिचं चूक वाटत नसे.

ताप उतरला. काकू वाळल्या, केस गळाले, पण महिन्याभरात चालत्याफिरत्या झाल्या. गाईला चारा घातला, हार गुंफायला बसल्या, मला हाक मारून कढीत हळद जास्त झाल्याचं सांगितलं. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला आणि कौसल्या वरूडला परत गेली. फरक एकच दिसायचा. काकाजी समोरून आले की काकू पदर कपाळावर ओढून घ्यायच्या, बाजूला सरायच्या आणि त्यांच्याशी शब्द बोलायच्या नाहीत. गल्लीतल्या बायकांनी त्याचं कौतुक केलं. मरणाच्या दारातून परत आली, आता नवऱ्याची मर्यादा ठेवू लागली, म्हणाल्या. जीभही नरमली. मीदेखील तसंच समजले. आमच्याकडच्या बाईनं नवऱ्यापुढे मान खाली घातली, तर तिचं काही बिनसलं असेल अशी शंका घेणार कोण?

संक्रांत आली. बायका जमल्या, काकूंना नावाचा आग्रह झाला, आणि काकूंनी आपला उखाणा बिनचूक म्हटला, नावासकट. मान मात्र वेळावली नाही. सगळ्या हसत असतानाच काकाजी फुलांची टोपली घेऊन अंगणात आले. काकूंनी पदर ओढला, माझ्या कानाशी लागल्या आणि हळूच विचारलं, "पोरी, हा मानूस कोन हाय व? रोज घरात येते. मालकायनं ठेवला का?"

माझं हळदीचं बोट तसंच राहिलं. मी विचारलं, मालक कुठे आहेत काकू? त्यांनी सहज बाडीकडे पाहिलं. "खोपीत. ध्यानाले बसले हायेत."

काकाजींना हे मलाच सांगावं लागलं. विहिरीपाशी गाठून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सवयीनं आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. डॉक्टर पुढे एवढंच म्हणाले, की लांबलेल्या तापात असं होतं कधीकधी, येईल आठवण, नाहीही येणार. पण काकाजींचा डॉक्टरांवर भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे काय झालं, ते त्यांनीच मला सांगितलं. ते नेहमीसारखे खोपीत जाऊन बसले. डोळे मिटले, पण ध्यान कसलं लागतंय, कान उंबऱ्याकडे. काकू आल्या. "मालक, च्या ठेवला," म्हणाल्या. अगदी पूर्वीच्या आवाजात. काकाजींना इतका आनंद झाला की त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "ओयखलं ना?" काकू दचकल्या, पदर ओढून दोन पावलं मागे सरल्या, आणि खोपीच्या कोपऱ्याकोपऱ्यात बघू लागल्या. नवरा कुठे गेला, ते शोधू लागल्या.

सांगताना काकाजींचा आवाज नीट होता. मीच रडले.

कसं झालं असेल ते मी माझ्या परीनं समजून घेतलं. इतकी वर्षं काकूंनी जो नवरा पाहिला, तो मिटल्या डोळ्यांचाच. तेवढाच त्यांच्याजवळ शिल्लक राहिला. हा हिंडता-फिरता, आपल्याकडे टक लावून पाहणारा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता, आणि त्यांचा तरी त्यात काय दोष?

आता काकाजींपुढे पेच असा होता. खोपीत डोळे मिटून बसलं, तर बायको त्यांना ओळखत होती. उठून तिच्याजवळ गेलं, की ते परके. माझ्या यजमानांनी सुचवलं, की मग काही दिवस बसा की जास्त, ओळख पक्की होईल. काकाजी तडक उठले. खोपीतलं पोतं गुंडाळून त्यांनी गाईच्या गोठ्यात नेऊन टाकलं, आणि पुन्हा कधी ते ध्यानाला बसले नाहीत.

बातमी कळताच कौसल्या आली. तिला आईला वरूडला न्यायचं होतं. तिचं म्हणणं सरळ होतं : सासरी माणसं आहेत, संत्र्याच्या बागेत आई रमेल, आणि इथे तिला बघणार कोण? बापाला तोंडावर म्हणाली, "तुमाले आई मराले टेकली तवा दिसली नाई. आता काय पाहान?" काकाजी म्हणाले, बरोबर आहे. मग म्हणाले, संत्र्याचा बहार उतरेपर्यंत राहू दे. तेवढ्यात ह्याला जमलं नाही, तर ने. कौसल्या कबूल झाली, कारण बहाराच्या दिवसांत तिलाही घरी उसंत नव्हती. पण आई जायची ती जायचीच, असं मला बजावून गेली.

त्या दिवसांतले काकाजी मला जास्त आठवतात. पहिली भाकरी त्यांनी केली ती काकूंनी गाईला घातली. केस विंचरायला घेतले तर कंगवा धरायचा कसा इथपासून तयारी. मी हसून दाखवून दिलं. काकू परक्या माणसाकडून हे करून घेईनात, तेव्हा त्यांनी युक्ती काढली. अंगणात लांब बसून ते हार गुंफत. गाठ चुकवत, मुद्दाम की खरंच ते मला अजून ठाऊक नाही. काकूंना चुकीची गाठ बघवत नसे. त्या जवळ येऊन हार हिसकावून घेत, "असं नाई, असं," म्हणत. अशा रीतीनं त्यांची गाठ पडली. दिवसातून कितीदा तरी काकू विचारायच्या, "तुमी कोन?" आणि काकाजी हातात जे काम असेल ते सांगायचे. पाणी देत असले तर "पानी देनारा." पाय चेपत असले तर "पाय चेपनारा." काकूंचं तेवढ्यानं समाधान होई.

पहाटेचा चहा काकूंनी सोडला नव्हता. रिकाम्या खोपीच्या उंबऱ्यावर पितळी ठेवून "मालक, च्या ठेवला" म्हणून त्या परत फिरत. सांगितल्यासारखं आत डोकावत नसत. काकाजी मागच्या बाजूनं जाऊन तो चहा पिऊन टाकत, आणि रिकामी पितळी उंबऱ्यावर ठेवत. ती पाहिली की काकूंचा चेहरा उजळे.

काकाजी ज्यांच्याबरोबर भजनाला जात ती मंडळी हळहळली. इतक्या वर्षांची बैठक मोडली, बायकोच्या मायेत सापडला, असं एक-दोघं घरी येऊन सांगूनही गेले. ते गेल्यावर मी काकाजींना विचारलं, की खरंच बुडाली का हो साधना? ते गाईला पेंड कालवत होते. "बसला होता हा, तवा 'मी' कुठं हाय थे शोधून राहिला होता," ते म्हणाले. "सापडला नाई. मंग वाटे, सापडला नाई थे ह्याचं मोठेपन. आता हिच्याजवळ गेलं, का शोधाले टाईमच नाई भेटत. पानी मागतलं का पानी द्या. संपलं." मी म्हटलं, आणि वाईट वाटतं ते? माझ्या जिभेला कधीच लगाम नव्हता. त्यांनी पेंडीची एक गुठळी फोडली. "थे हाय," म्हणाले. "थे काई जात नाई."

उन्हाळा लागला आणि कौसल्या आली. वरूडहून मोटरनं अमरावती, तिथून बडनेऱ्याला येऊन गाडीनं अकोला, असा धुळीनं माखलेला प्रवास करून ती आली होती. सोबत संत्र्यांची टोपली. तिनं घरभर नजर फिरवली. आईच्या अंगावरचं लुगडं स्वच्छ होतं, केस भरून आले होते. तरी तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी आईची पेटी भरली. मला म्हणाली, बाबाचं करणं दिसतंय मला, पण ज्याला ती ओळखत नाही त्याच्या हवाली कसं ठेवू?  काकाजींनी वाद घातला नाही. पेटीला सुतळी बांधायला त्यांनीच मदत केली, आणि गाडीला वेळ आहे, तेवढ्यात केसांना तेल लावून देतो, म्हणून वाटी घेऊन आले.

काकू अंगणात पाटावर बसल्या होत्या. काकाजी मागे बसून तेल घालत होते. आता त्या पदर ओढत नसत. कौसल्या पुढ्यात येऊन बसली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आई, वरूडले चाल माह्यासंग. टांगा येऊन राहिला."

काकूंना नवल वाटलं. "अशी कशी येऊ? मालक ध्यानाले बसले हायेत," त्या म्हणाल्या. "थे उठतीन, अन् मी घरी नाई?"

कौसल्यानं तोंड फिरवलं.  काकू मात्र पोरीची समजूत काढत होत्या. इथे आपलं काही अडत नाही, असं सांगत होत्या. मग आवाज थोडा खाली आणून, मागच्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, पण त्याला ऐकू जाईल असंच, त्या म्हणाल्या, "अन् हा मानूस हाय ना. लय भला हाय. मालक डोये मिटून बसते, त्यायले काही दिसत नाई. हा पाहाते. मालक उठले का त्यायलेच सांगतो मी, या मानसाले ठेवून घ्या म्हनून."

काकाजींचा हात काकूंच्या डोक्यावर थांबला.  मला वाटलं, आता बोट वर करतील आणि विहिरीकडे जातील. ते उठले नाहीत.

"सांगजा," ते म्हणाले. आणि पुन्हा तेल चोळत, "थे उठेपर्यंत मी हाय इथंच."

तीन वर्षांत त्यांनी स्वतःला 'मी' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्या स्वतःच्याही आलं असं मला वाटत नाही. कौसल्या उठली, पेटीची सुतळी सोडली, आणि लुगडी एकेक करून परत खुंटीवर टाकू लागली. टांगेवाला दारात आला, त्याला मी चार संत्री देऊन परत पाठवलं. काकूंनी केस मागे केले, आणि काकाजी वेणी घालायला लागले.